कच्चा लिंबू

मुलांच्या खेळांत ‘कच्चा लिंबू’ म्हणून एक पद असतें. ज्याला नीट धांवतां येत नाहीं, ज्याच्यावर राज्य आलें तर तो रडूं लागेल, अशा लहानग्याला खेळांत घेतात खरें. पण त्याचें बाद होणें हें बाद होणें नव्हे, आणि त्याचें जिंकणें हेंहि जिंकणें नव्हे. वरवर पाहतां ही चाल मोठी उदार आहे. परंतु ज्यानें हें पद भूषविलें असेल त्याला विचारून पाहावें. आपण खरोखर खेळांत आहों कीं नाहीं, हें कच्च्या लिंबाला सर्वांच्या आधीं कळतें.

आमच्या लहानपणीं गांवाबाहेरच्या वडावर सूरपारंब्यांचा डाव रंगत असे. राज्य घेणारा दूर फेंकलेली काठी आणावयास धांवला कीं बाकीचे भराभर पारंब्या धरून वर चढत. आमच्यांतील एकाचा पाय पोलिओनें लुळा पडला होता. त्याला आम्हीं कच्चा लिंबूहि केलें नाहीं. वहाणा राखावयास बुंध्याशीं बसविलें. तो कधीं रडला नाहीं, म्हणून त्याला कांहीं वाटत नसेल, असा सोयीस्कर निष्कर्ष आम्हीं काढिला.

पुढें पुष्कळ वर्षांनीं दोराच्या साहाय्यानें होणाऱ्या वृक्षारोहणाची हकीकत वाचनांत आली, तेव्हां तो मुलगा आठवला. पीटर जेंकिन्स हे पूर्वीं कडे चढणारे, व पुढें व्यवसायानें वृक्षसंगोपन करणारे गृहस्थ. त्यांनीं १९८३ सालीं अमेरिकेंतील अटलांटा शहरीं, केवळ आनंदासाठीं झाडावर चढूं इच्छिणारांना ही विद्या शिकविण्याकरितां एक संघटना काढिली. रीत अशी कीं, वजन बांधलेली बारीक दोरी बळकट फांदीवरून फेंकावयाची व तिच्या मागोमाग जाड दोर ओढून घ्यावयाचा. दोराचें एक टोंक चढणाराच्या कमरपट्ट्याला बांधतात, आणि दुसऱ्या बाजूच्या दोरावर एक विशिष्ट गांठ मारतात. ती गांठ सैल असतां वर सरकते, पण अंगाचा भार पडतांच दोराला घट्ट आवळून धरते. म्हणून थकल्यावर हात सोडून अधांतरीं विसांवा घेतां येतो. दोर दुप्पट लांब ओढावा लागतो, पण घर्षण सोडलें तर जोर निम्माच लागतो. कप्प्या वाढविल्या तर त्याहूनहि कमी. सालीला इजा होऊं नये म्हणून दोराखालीं चामड्याची नळी बसवितात.

म्हणजे येथें पायांचें काम हातांनीं, आणि हातांचें काम कप्पीनें करितां येतें. २००१ सालीं, कमरेखालील शक्ति गेलेल्या एक जपानी बाई कॅलिफोर्नियांतील एका प्रचंड सिकोया वृक्षावर अशाच प्रकारें चढून गेल्या. पांगळ्याकडून पर्वत ओलांडविणाऱ्या कृपेची प्रार्थना आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलों. त्या कृपेचा कांहीं अंश एका गांठींत आणि दोन कप्प्यांत असूं शकेल, हें मात्र आपणांस फारसें सुचलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल, कप्पीनें वर जाणें हें चढणें कसलें? पण १९५३ सालीं तेनसिंग व हिलरी एव्हरेस्टवर गेले ते प्राणवायूच्या नळकांड्या पाठीवर घेऊन. त्यांना कोणीं कच्चा लिंबू म्हटलें नाहीं. साधन वापरल्यानें कृति परकी होत नाहीं. ती परकी होते, केव्हां जावें, कोठें थांबावें, केव्हां उतरावें हें दुसरा ठरवूं लागतो तेव्हां. पोत्याप्रमाणें शेंड्यापर्यंत ओढला गेलेला मनुष्य चढला नाहीं. आपल्या हातानें वीत वीत दोर ओढून हातभर वर गेलेला मनुष्य चढला. किती चढला, यापेक्षां कोणीं चढविलें, हा येथें खरा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे, कारण तो आईबापांचा आहे: पडलें तर? ही भीति खोटी नव्हे. ज्या त्वचेला संवेदना नाहीं तिच्यावर पट्ट्याचा काच पडून जखम होते आणि कळतहि नाहीं. कांहीं दुबळ्या कण्यांना टांगलेली बैठक सोसणारच नाहीं. तेथें वैद्याचा सल्ला, मऊ गाद्या आणि जाणता सोबती हवाच. परंतु इतकी खबरदारी घेतल्यावर जो धोका उरतो, तो पत्करावयाचा कीं नाहीं हें ठरविण्याचा हक्क कोणाचा? धडधाकट मुलाला खरचटलें तर आपण हळद लावून पुन्हां खेळावयास पाठवितों. अपंग मुलाला मात्र एका संभाव्य खरचट्यापायीं सगळें झाडच वर्ज्य करितों. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंगविषयक करारांत शिक्षण व उपजीविका यांच्याबरोबर क्रीडा व करमणूक यांतील सहभागहि हक्क म्हणून मान्य झाला आहे, आणि आपल्या देशानें २००७ सालीं त्याला मान्यता दिली आहे. करमणुकीला हक्क म्हणणें कित्येकांस चैनीचें वाटेल. पण ज्याला आयुष्यभर केवळ गरजेपुरतें मिळालें, त्यालाच गरजेपलीकडील वस्तूचें मोल ठाऊक असतें.

एक दक्षता मात्र आम्हांस अत्यावश्यक वाटते. आनंद वांटणाराला आपल्या औदार्याचा मोह फार लवकर पडतो. ज्याला वर जावयाचें नाहीं, त्याला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक नसेल, तर तो सोहळा आपला झाला, त्याचा नव्हे. दया फांदीवर बसून खालीं पाहते. सोबत करणारा फांदीवर थोडा सरकून जागा करितो, आणि येणारा न आला तरी रागावत नाहीं.

त्या वडाखालच्या आमच्या सोबत्याची आठवण आली कीं मनाशीं एक सबब तयार असते: आम्ही पोरें होतों, ही विद्या आम्हांस कोठून ठाऊक असणार? सबब खरी आहे, पण पुरेशी नाहीं. दोराची गांठ ठाऊक नव्हती हा आमचा दोष नव्हे. पण इतक्या सुट्या त्या झाडावर घालविल्या, आणि ‘तुला वर यावयाचें आहे का?’ हें त्याला आम्हांपैकीं एकानेंहि कधीं विचारलें नाहीं. त्यासाठीं कोणतीहि विद्या लागली नसती.