पुसले कोणी?

वारीत वस्तू हरवणे काही नवे नाही. पडशी हरवते, चपला हरवतात, क्वचित माणूसही चुकते आणि दोन मुक्कामांनी भेटते. वस्तू परत हाती आली की आपण 'पांडुरंग पावला' म्हणतो आणि प्रश्न मिटला असे समजतो. आमचा प्रश्न मात्र वस्तू परत आल्यावरच उभा राहिला, आणि तो अजून आमच्याच्याने सुटत नाही.

सन २०२५ च्या आषाढी वारीत माउलींच्या सोहळ्याबरोबर आम्ही दिवे घाट चढलो. सासवडच्या तळावर पोचून पिशवीत हात घातला तो मोबाईल नाही! दुसऱ्याच्या फोनवरून लावून पाहिला, तर बंद. त्याला आम्ही कुलूप घातलेले नव्हते. म्हातारपणी आकडे कोण लक्षात ठेवतो? आता बँकेचे निरोप त्याच्यावर येत, घरच्यांची छायाचित्रे त्यात, सगळे उघडे. बरोबर पुतण्या होता. त्याने आपल्या मोबाईलवर आमचे खाते उघडले आणि सांगितले, "काका, तीन गोष्टी करता येतात. त्याची घंटा वाजवता येते. लांबूनच कुलूप घालून पडद्यावर आपला नंबर दाखवता येतो. नाहीतर सगळंच पुसून टाकायचं." आम्ही क्षणभरही थांबलो नाही. म्हणालो, "पुसून टाक. चोराच्या हाती जाण्यापेक्षा गेलेलं बरं." मोबाईल बंद असला तरी ही आज्ञा वाया जात नाही. तो पुन्हा सुरू होऊन जाळ्यात आला की ती अमलात येते.

'चोर' हा शब्द आमच्या तोंडून गेला, तोही माउलींच्या वाटेवर, आजूबाजूला सारे टाळकरी असताना, हे येथे कबूल केले पाहिजे.

वाल्ह्याच्या तळावर परभणीकडचे एक गृहस्थ आमची राहुटी शोधत आले. अंगावर मळके धोतर, हातात आमचा मोबाईल. त्याच्या आवरणात आम्ही दिंडीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवली होती, तिच्यावरून ते विचारत विचारत पोचले. म्हणाले, "घाटात पायाखाली आला, माउली. आत काय मी बघितलं नाय, दुसऱ्याची पेटी कशाला उघडायची? तुमचा फोन यील म्हणून वाट बघितली, तर ह्यो बंदच. सासवडला चार्जिंगला जागा मिळंना. जेजुरीला चहावाल्याकडं लावला, अन् चालू झाल्यावर आपोआपच कायतरी झालं. नव्यागत भाषा निवडा म्हनाय लागला. मी कायबी दाबलं नाय हो!"

१८७२ च्या करार कायद्यात ७१ वे कलम आहे. सापडलेली वस्तू जो ताब्यात घेतो, त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. या गृहस्थांनी ते वाचलेले नसणार. त्यांनी ठेव सांभाळली, आणि मालकाची हाक यावी म्हणून तिच्यात प्राण आणला. त्या प्राणाबरोबरच आमची आज्ञा आत शिरली.

आम्ही काय बोललो? "असू द्या माउली, तुमचं काही चुकलं नाही." एवढेच. पुसण्याची आज्ञा आमची होती, हे सांगितले नाही. सांगावे तर 'तुम्हाला आम्ही चोर समजलो' असेच तोंडावर म्हणावे लागले असते. दर्शन घेऊन ते गेले, पण जाताना दोनदा त्या मोबाईलकडे वळून पाहिले.

घरी आल्यावर पुतण्याने खाते जोडले. नावे आणि नंबर परत आले, कारण ते खात्यात साठवलेले होते. छायाचित्रेही बरीचशी आली. आले नाही ते एकच. आमच्या मातोश्रींनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, अकरा मिनिटांच्या. त्या मोबाईलच्या पोटातच होत्या. मातोश्री आता नाहीत. दुरुस्तीवाल्याने समजावून सांगितले: जुन्या मेमरी कार्डावर पुसले म्हणजे अनुक्रमणिकेतले नाव तेवढे जाते, मजकूर खाली तसाच राहतो, त्यावर नवे काही लिहिले नाही तर तो पुष्कळदा काढता येतो. आजच्या मोबाईलात मजकूर गुप्त लिपीत असतो, आणि पुसण्याच्या आज्ञेने त्या लिपीची किल्लीच नष्ट होते. मजकुराचे तुकडे राहिले तरी ते वाचणार कोण?

सोलापूरला आमची बहीण असते. तिला आम्ही पूर्वी त्यातला दोन मिनिटांचा तुकडा पाठवला होता, तो तिच्याकडे होता. बाकीच्या ओव्या तिला आठवतील तशा तिने म्हणून दाखवल्या. तुकोबारायांच्या वह्या तेरा दिवसांनी इंद्रायणीतून कोरड्या वर आल्या, ही परंपरा आपण सांगतो. आणि संताजी जगनाडे यांच्यासारख्यांनी अभंग लिहून ठेवले होते, लोकांना ते मुखोद्गत होते, हेही सांगतो. बहिणीचा आवाज ऐकताना आम्हांला ही दुसरी गोष्ट अधिक जवळची वाटली.

पण आमचा प्रश्न ओव्यांचा नाही. सावध राहणे हा दोष नव्हे. बँकेचा पैसा उघड्यावर टाकून 'विठ्ठल बघेल' म्हणणे ही भक्ती नव्हे, आळस आहे. कुलूप घालून नंबर दाखवण्याची वाट मात्र समोर होती. त्या वाटेत सापडणाऱ्याला चांगुलपणाची संधी होती, आणि आम्ही तीच नाकारली. तरीही, घाबरलेल्या माणसाची घाई म्हणून हे एखादा सोडून देईल. वाल्ह्याचे मौन कशात बसवावे? त्यांचे मन दुखू नये म्हणून गप्प राहिलो, असे आम्ही पुतण्याला सांगितले. तो म्हणाला, "काका, मन त्यांचं जपलंत की तुमचं?" आम्ही उत्तर दिले नाही.

पुसलेला मोबाईल भरला, शेकडो नंबर परत आले, पण त्यांत त्या गृहस्थांचा नंबर नाही. आम्ही तो विचारलाच नव्हता, गावाचे नावही विचारले नव्हते. परभणीकडच्या कोणत्या तरी दिंडीत हा अंक कोणी वाचून दाखवील, या आशेने येथे लिहितो: माउली, जेजुरीला तुमच्या हातून काही झाले नाही. पुसण्याची आज्ञा आम्ही सासवडहून दिली होती.