दार्ष्टांतिकाविना दृष्टांत

अलंकार हा शब्दच आपली दिशाभूल करतो. दागिने उतरवून ठेवले तरी अंग तेच राहते. तसे उपमा, रूपक, दृष्टांत, उपरोध बाजूला काढले तरी विचार शाबूत राहतो, असे आपण शाळेपासून धरून चालतो. कथा-कादंबरी वाचताना ही समजूत फारशी नडत नाही. धर्मचर्चेच्या गद्यात ती नडते, कारण सत्य सरळ विधानात मावते की नाही, इथूनच तिथला वाद सुरू होतो. जर्मनीत 1778 साली झालेल्या एका भांडणात हे चांगलेच उघड्यावर आले. एका बाजूला वोल्फेनब्युटेलच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल आणि नाटककार गोट्होल्ड एफ्राइम लेसिंग, दुसऱ्या बाजूला हॅम्बुर्गच्या सेंट कॅथरिन चर्चचा मुख्य धर्मोपदेशक योहान मेल्खिओर ग्योत्से. बायबलातल्या चमत्कारांवर आणि पुनरुत्थानाच्या वृत्तांतावर शंका घेणारे एक हस्तलिखित लेसिंग 1774 पासून तुकड्यातुकड्यांनी, लेखकाचे नाव न देता छापत होता. ते 1768 साली वारलेल्या हेर्मान सामुएल रायमारुस या हॅम्बुर्गच्याच प्राध्यापकाचे होते. ग्योत्सेने हा धर्मावरचा हल्ला मानला. लेसिंगचे म्हणणे असे की बायबलावरचा आक्षेप म्हणजे धर्मावरचा आक्षेप नव्हे. अक्षर वेगळे, गाभा वेगळा. हे एका वाक्यात सांगता येते, आता सांगितलेच. तरी त्याने त्यासाठी एक दृष्टांतकथा लिहिली.

एका राजाचा अफाट राजवाडा आहे. बाहेरून पाहणाऱ्याला त्याची रचना कळत नाही. खिडक्या थोड्या, दारे भलतीच जास्त. आत मात्र वरून भरपूर उजेड येतो, आणि दारे जास्त असल्याने ज्याला बोलावणे येईल तो जवळच्या वाटेने आपल्या कामाच्या जागी पोचतो. ज्यांनी आतला भाग सर्वांत कमी पाहिला आहे, तेच त्याच्यावर जास्त भांडतात. जाणकार म्हणवणाऱ्यांजवळ मूळ कारागिरांचे म्हणून जुने नकाशे आहेत, आणि नकाशांवरच्या खुणांची भाषा लुप्त झाली आहे. मध्यरात्री पहारेकरी ‘आग, आग’ ओरडतात. जो तो उठतो आणि वाडा सोडून आपला नकाशा वाचवायला धावतो. मग रस्त्यात उभे राहून, आग नेमकी कुठे लागली ते नकाशावर बोट ठेवून एकमेकांना पटवत बसतो. आग नव्हतीच. आकाशात उत्तरध्रुवीय प्रकाश पसरला होता. ग्योत्से स्वतः बायबलाच्या जुन्या आवृत्त्यांचा नामांकित संग्राहक होता, हे ठाऊक असले की नकाशाचा चिमटा कुणाला होता ते कळते.

मराठीत धर्मविचाराच्या गद्याची सुरुवातच दृष्टांताने झाली आहे. महानुभाव पंथाच्या केसोबासांनी सिद्ध केलेल्या ‘दृष्टांतपाठा’त आधी चक्रधरांचे सूत्र येते, मग दृष्टांत, आणि शेवटी केसोबासांचे दार्ष्टांतिक, म्हणजे या गोष्टीतले काय कशाला लावायचे याचा खुलासा. ही रचना श्रोत्याची जबाबदारी हलकी करते; कुलूप आणि किल्ली एकाच हातात मिळतात. लेसिंगने सूत्रही दिले नाही आणि दार्ष्टांतिकही. वाडा म्हणजे धर्म, नकाशे म्हणजे ग्रंथ, हे वाचकाने जोडायचे. आणि जोडता जोडता त्याला स्वतःला विचारावे लागते: मी आता धावत आहे तो वाड्याकडे की माझ्या नकाशाकडे? ‘गाभा अक्षराहून वेगळा’ हे विधान मान्य करून किंवा झिडकारून वाचक जागचा हलत नाही. दृष्टांत त्याला त्या रस्त्यावर उभा करतो. इथे तंत्र काढले तर युक्तिवादाचा निम्मा भाग जातो, असे माझे म्हणणे आहे.

ग्योत्सेला हेच खटकले. नाट्यगृहातले तर्कशास्त्र इथे चालणार नाही, अशी त्याची तक्रार होती. प्रतिमा आणि कोट्या म्हणजे पुरावे नव्हेत. तक्रार फालतू नाही. पण ज्याच्याकडे कोरडेपणाचा आदर्श म्हणून बोट दाखवावे त्या इमान्युएल कांटने ‘शुद्ध विवेकाच्या चिकित्से’च्या 1781च्या प्रस्तावनेत, पुस्तक फुगू नये म्हणून उदाहरणे गाळली असे सांगितले, आणि त्याच ग्रंथाच्या प्रारंभी हवेचा अडथळा नसता तर आपण जास्त छान उडालो असतो असे मानणारे कबुतर आणले. अनुभवाशिवाय बुद्धी भरारी घेऊ शकत नाही हे त्या पाखराविना सांगायला कांटला किती पाने लागली असती, कोण जाणे.

खरी अडचण वेगळी आहे: प्रतिमा निष्कर्ष चोरून आत आणू शकते. लेसिंगचाच दाखला घ्या. इतिहासातल्या योगायोगाने घडलेल्या घटनांवरून बुद्धीची अनिवार्य सत्ये सिद्ध होत नाहीत, हे सांगताना त्याने 1777 साली मध्ये एक ओंगळ, रुंद खंदक कल्पिला, जो त्याला उडी मारून ओलांडता येत नाही. खंदक म्हटला की दोन काठ गृहीत आले. ते मुळात दोन आहेत का, हे कुणी सिद्ध केले? हा आक्षेप मला मान्य आहे. पण तो आपल्याला घेता येतो तो खंदक डोळ्यांसमोर आहे म्हणून. ‘सत्याचे दोन प्रकार’ अशा सपक शब्दांत तीच गृहीते बिनबोभाट निसटली असती.

राहिला पळवाटेचा आरोप: गोष्टीआड लपून लेखक आपले मत सांगायचे टाळतो. 1778चा घटनाक्रम याला उत्तर देतो. दृष्टांत ज्या पुस्तिकेत छापला तिच्यातच ग्योत्सेला उद्देशून एक विनंती आणि संबंध तोडण्याचे पत्रही होते. मग ‘अँटी-ग्योत्से’ नावाची 11 पत्रके आली. ख्रिस्ती धर्म म्हणजे तुम्हाला नेमके काय अभिप्रेत आहे, असे ग्योत्सेने थेट विचारले, तेव्हा लेसिंगने उत्तरही दिले: पहिल्या चार शतकांतल्या विश्वाससूत्रांत जे आहे ते. फक्त त्या पुस्तिकेला ‘अत्यंत अनावश्यक प्रश्नाला आवश्यक उत्तर’ असे नाव ठेवायचा मोह त्याला आवरला नाही. दरम्यान, जुलैमध्ये ब्राउन्श्वाइगच्या ड्यूकने त्याला दिलेली सेन्सॉरमधली सूट काढून घेतली. तेव्हा तो आपल्या जुन्या व्यासपीठाकडे, रंगभूमीकडे वळला, गद्य सोडून पद्यात, आणि 1779 साली ‘नाथान’ हे नाटक छापले. त्यातल्या तीन अंगठ्यांच्या गोष्टीचा सांगाडा बोकाच्चोच्या ‘डेकामेरॉन’मधला, लेसिंगने त्यात न्यायाधीश आणला. खरी अंगठी कोणाची याचा निकाल तो देत नाही, हजार हजार वर्षांनंतरची तारीख देतो. नाटक बर्लिनमध्ये 1783 साली रंगमंचावर आले, तोवर लेसिंगला जाऊन दोन वर्षे झाली होती.