शांत कॅबिनेट

आमच्या हदगावच्या घरातला जुना संगणक चालू आहे की बंद, हे बघायला खोलीत यावं लागत नसे. अंगणातूनच कळायचं. बटण दाबलं की आधी तो घसा खाकरायचा आणि मग एस.टी. चढाला लागावी तसा आवाज चढवत न्यायचा. मला संध्याकाळी चार ओळी लिहायला बसायची खोड आहे. शब्द सुचत नाही याचं खापर मी कित्येक वर्षं त्या पंख्यावर फोडत आलो. (लेखकाच्या घरात असं एखादं खापर हाताशी असावं. बाहेरून आणायला महाग पडतं.)

शेवटी ठरवलं, आवाज न करणारा संगणक घ्यायचा. पुण्यातल्या चिरंजीवांना फोन लावला. ते म्हणाले, "बाबा, तयार घेऊ नका, जुळवून घ्या. आधी कॅबिनेट ठरवा." माझी समजूत अशी, की कॅबिनेट मुंबईला ठरतं. हे कॅबिनेट म्हणजे सगळे सुटे भाग ज्यात बसवायचे ती पत्र्याची पेटी. झालं! मुलाचं स्थळ बघताना केल्या नव्हत्या इतक्या चौकशा मी त्या पेटीच्या केल्या.

त्यात मुख्य घराणी दोन. एक बंदिस्त: जाड पत्रा, आतून फोमचं अस्तर, पुढं दार. आतला आवाज आतच जिरवायचा. दुसरं जाळीचं: होईल तो आवाज होऊ द्या, वारा मात्र मोकळा. माझं मन अर्थातच बंदिस्तावर बसलं. स्वीडनमधली फ्रॅक्टल डिझाइन ही कंपनी अशा अस्तराच्या पेट्यांसाठी नावाजलेली आहे, हेही मी चिरंजीवांना ऐकवलं.

"बाबा, स्वीडनच्या खोलीत वीस अंश असतात. तुमच्याकडं मे महिन्यात बेचाळीस. संगणक जेवढी वीज खातो, तिची शेवटी उष्णताच होते. अस्तर लावलं की आवाज अडतो, पण उष्णता कुठं जाणार?"

पुढचं ऐकून मी जरा गप्पच झालो. पेटी तापली की प्रोसेसर आधी पंखे पळवतो. तेवढ्यानं भागलं नाही तर स्वतःच हळूहळू काम करू लागतो. आणि अगदीच सोसवेना झालं, की एका क्षणी सगळं बंद. हूं नाही की चूं नाही.

खरा उपाय आवाज दाबणं हा नाहीच. आवाज व्हायचं कारणच कमी करायचं. फिरणाऱ्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्यायची, तिच्यात हलणारा भागच नसतो. प्रोसेसर कमी वॅटचा. आणि पंखे मोठे, १२० मिलिमीटरचे, म्हणजे तेवढाच वारा सावकाश फिरून मिळतो. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलनं उतरतो, वारा मात्र निम्माच होतो. म्हणून दुसरा तसाच पंखा जोडीला लावायचा. त्यानं ३ डेसिबल वाढतात. तरी १२ शिल्लक! एकट्यानं उर फुटेस्तोवर धावण्यापेक्षा दोघांनी सावकाश चालावं, हे गणित मी कागदावर दोनदा करून पाहिलं आणि भलताच खूश झालो.

तेवढ्यात वीज गेली. संगणक गप्प, छताचा पंखा गप्प. आणि स्वयंपाकघरातून एक फट्‌ फट्‌ असा आवाज येऊ लागला. बॅटरी घेऊन गेलो. सौ. एका हातानं भाकरी उलटत होती आणि दुसऱ्या हातानं पुठ्ठ्यानं वारा घेत होती. पुठ्ठा माझ्या कीबोर्डाच्या खोक्याचा. त्याची कड घामानं मऊ पडली होती, म्हणजे तो आजचा नव्हता.

मी ताज्या विद्वत्तेनं म्हणालो, "इथं गरम हवेला बाहेर पडायला वाटच नाही."

"आज कळलं का? वरून पत्रे, आणि पंखा लावला तर गॅस विझतो."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही लिहायलात म्हणून नाही बोलले."

आमच्या घरात भांडण नाही, हे मी तीस वर्षं गावभर मिरवत आलोय. आता प्रश्न पडला, की आमचं घराणं जाळीचं का अस्तराचं? सरकारनं २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. वस्तीत रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज नको, रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. आवाज करणारा यंत्रानं मोजता येतो. न करणाऱ्याला कशानं मोजायचं? पंखा दोन कारणांनी शांत असतो: काम हलकं असलं तर, नाहीतर जळाला असला तर. बाहेरून कान लावला तर दोन्ही सारखेच. तेव्हा ज्याला शांतता मिळते त्यानं ती नुसती ऐकत बसावं, का उठून पेटीला हात लावून बघावा? आता कुणी म्हणेल, काही माणसं मुळातच शांत असतात, समाधानानं गप्प बसतात. असतीलही. मीही हेच धरून चाललो होतो. मला ते सोयीचं होतं.

आठवड्यानं नांदेडला गेलो. जाळीचं कॅबिनेट, एसएसडी, कमी वॅटचा प्रोसेसर आणि दोन मोठे पंखे घेतले. शेजारच्या विजेच्या दुकानातून स्वयंपाकघराला एक एक्झॉस्ट फॅन घेतला. येताना वारंगा फाट्यावर खिचडी खाताना हा खोका मी मांडीवरच ठेवला होता.

नवा संगणक खरोखरच इतका शांत आहे, की सौ.नं दारात येऊन विचारलं, "बंद पडलं की काय?" पण ती शांतता मला अनुभवता येत नाही. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट जुन्या संगणकाच्या वरताण घरघरतो, आणि त्याच्याही वर आवाज चढवून सौ. आतून बोलते. परवा पत्र्यांचा विषय झाला. काल, मी कुणालाही न विचारता जेवायला घेऊन येतो त्या मित्रांचा. आज तिच्या भावाच्या लग्नात मी काय बोललो होतो ते निघालंय, आणि ती मधेच थांबून विचारते आहे, "ऐकायलात ना?" लेख राहू दे, मी आत जाऊन येतो.