गोकुळातील सभा आणि हंडीवरचे मूल

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी मुंबई-ठाण्यात दहीहंडीसाठी जे मानवी थर रचले जातात, त्यांच्या टोकाला लहान मूलच का असते, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. पहिले भाराचे आहे: थर जसजसे वर जातात तसतसे खालच्या प्रत्येक खांद्यावर येणारे ओझे वाढत जाते, म्हणून सर्वांत वरचे शरीर सर्वांत हलके असावे लागते, आणि ते तसे असते म्हणूनच सर्वांत लांबून पडण्याची शक्यताही त्याच्याच वाट्याला येते. दुसरे उत्तर भावाचे आहे: ते मूल त्या क्षणी बाळकृष्ण मानले जाते. या दुसऱ्या उत्तराने पहिल्यातील धोका झाकला जातो, आणि मग जी गोष्ट एरवी कोणत्याही आईने डोळ्यांसमोर होऊ दिली नसती ती भक्तीच्या नावाने सुसह्य होते. प्रश्न असा आहे की, ज्या परंपरेचा आधार येथे घेतला जातो तिला हे उत्तर मान्य आहे काय.

भागवत पुराणाचा दशम स्कंध, म्हणजे कृष्णचरित्र सांगणारा भाग, या बाबतीत अपेक्षेपेक्षा बराच स्पष्ट आहे. शिंक्यावरचे लोणी काढण्यासाठी कृष्ण काय युक्त्या करतो हे गोपी यशोदेला गाऱ्हाण्यात सांगतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात पाट आणि उखळ येतात. हाताला न पोचणारे मडके गाठायला तेवढी चढाई पुरते, आणि तेही न जमले तर मडक्याला खालून भोक पाडले जाते. लीलेचा गाभा चोरीच्या लाडिकपणात आहे, उंचीत नाही. वारकरी परंपरेतही काल्याचे कीर्तन, म्हणजे सप्ताहाच्या समाप्तीचे कीर्तन, झाल्यावर जी हंडी फोडतात ती बहुधा हाताच्या किंवा काठीच्या टप्प्यातच टांगलेली असते, आणि काला या शब्दाचा अर्थच मुळी सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून वाटून खाणे असा आहे. हंडी चाळीस फुटांवर नेल्याने त्या काल्यात कोणतीही भर पडत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट कृष्णाच्या बालपणाभोवती वावरणाऱ्या माणसांची आहे. पूतना राक्षसीच्या मृत्यूनंतर गोपी त्या बाळाभोवती गाईची शेपटी फिरवतात, त्याला गोमूत्राने न्हाऊ घालतात आणि एकेका अवयवावर विष्णूच्या नावाचा रक्षामंत्र ठेवतात. ज्याच्या नावाने रक्षण मागायचे त्याच्याच अंगावर ते नाव ठेवले जाते, हा विरोधाभास भागवतकाराच्या नजरेतून सुटलेला नाही. तो हेतुपुरस्सर आहे. वैष्णव शास्त्रात यालाच वात्सल्यभाव म्हणतात: देवाचे देवपण विसरून त्याला अपत्य मानणारी आणि म्हणूनच त्याच्या जिवाची काळजी वाहणारी भक्ती. मुलाच्या तोंडात सारे विश्व पाहिल्यानंतरही यशोदेची ती स्मृती पुसली जाते आणि ती त्याला पुन्हा मांडीवर घेते, कारण त्या ज्ञानासह मातृत्व शक्य नव्हते. गोव्यात माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरात देव आईसह पूजला जातो, त्यामागेही हीच जाणीव दिसते. दहीहंडीत या भावाची दिशा नेमकी उलटते. तेथे देवाला मूल मानण्याऐवजी मुलाला देव मानले जाते, आणि देवाला इजा होत नाही असा एक न बोललेला समज त्याबरोबर वर चढतो.

यावर दहीहंडी मंडळांचा आक्षेप गंभीरपणे ऐकण्यासारखा आहे. गिरगाव-लालबागच्या चाळींतून वाढलेल्या गोविंदा पथकांनी कामगार वस्तीतील तरुणांना शिस्त, परस्परविश्वास आणि एक दिवसाचा का होईना पण सार्वजनिक मान दिला, हे खोटे नाही. 2012 मध्ये ठाण्यात नऊ थरांचा, 43.79 फुटांचा जो मनोरा उभा राहिला त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली, ती याच शिस्तीमुळे. मूल स्वतः हौसेने चढते, घरच्यांची संमती असते, असेही सांगितले जाते. परंतु हौस म्हणजे संमती नव्हे. मीमांसेत कर्म करण्याच्या पात्रतेला अधिकार म्हणतात, आणि गौतमाच्या धर्मसूत्रानुसार उपनयनापूर्वी मुलाच्या वागण्या-बोलण्या-खाण्यावर विधिनियमांचे बंधनच नसते. ज्याच्यावर व्रताचे ओझे परंपरा टाकत नाही, त्याच्यावर उत्सवाचे ओझे तिच्या नावाने टाकणे कठीण आहे. राहता राहिली पालकांची संमती. पण ती मुलाच्या हितापुरतीच असते, मंडळाच्या बक्षिसापर्यंत ती पोचत नाही.

कायद्याने हा प्रश्न आकड्यांत मांडला, आणि आकडे हलत राहिले. ऑगस्ट 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 18 वर्षांखालील मुलांना मनाई करून उंचीला 20 फुटांची मर्यादा घातली. त्या आदेशाला मिळालेल्या स्थगितीनंतर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंधने कायम ठेवली. 2017 मध्ये मात्र उंची ठरवणे हे न्यायालयाचे काम नव्हे असे ठरून 14 वर्षांखालील मुलांना सहभागी न करण्याचे सरकारचे आश्वासन तेवढे उरले. 2022 मध्ये राज्याने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला आणि मृत गोविंदाच्या वारसांना 10 लाख रुपये जाहीर केले. धर्मस्वातंत्र्य देणारे संविधानाचे 25 वे कलम सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. पण एखादी गोष्ट एकदा खेळ ठरली की धर्माचा युक्तिवाद मागे पडायला हवा; प्रत्यक्षात मात्र ती धर्म म्हणून पवित्र आणि खेळ म्हणून धाडसी अशा दोन्ही सवलती मागू लागते. (खेळ म्हणवणाऱ्यांनी खेळाचे नियम तरी पाळावेत, ही अपेक्षा त्यात वावगी नाही.) स्पेनमधील कातालोनियात असेच मानवी मनोरे रचतात आणि तेथेही टोकाला मूलच असते; मात्र 2006 मध्ये एका 12 वर्षांच्या मुलीचा पडून मृत्यू झाल्यानंतर वर चढणाऱ्या मुलांसाठी खास बनवलेले शिरस्त्राण तेथे रूढ झाले. परंपरा मोडली नाही. 2010 मध्ये युनेस्कोने तिची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली.

भागवतात यमलार्जुन वृक्ष उन्मळून पडतात आणि त्यांच्यामध्ये सापडलेला कृष्ण बचावतो, तेव्हा गोकुळ त्याला चमत्कार म्हणून साजरे करत नाही. ज्येष्ठ गोप सभेला बसतात. वयाने आणि जाणतेपणाने मोठा असलेला उपनंद पूतना, उलटलेला गाडा, वावटळ आणि आता हे वृक्ष असे एकेक संकट मोजून दाखवतो आणि सांगतो की ही जागा मुलांना धार्जिणी नाही, पुढचा घाला पडण्यापूर्वी त्यांना घेऊन निघावे. सारे गाव गाड्या जुंपते, म्हातारे, बायका आणि मुले त्यांत बसतात, धनुष्ये घेतलेले गोप सोबत चालतात आणि वृंदावनाची वाट धरली जाते. मूल वाचले म्हणून जागा सुरक्षित ठरत नाही, हे ती सभा जाणते.

मुंबईतील अनेक पथकांचा सराव गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सुरू होतो. त्या काळात रात्री उशिरापर्यंत मैदानात थर लावले आणि उतरवले जातात; प्रेक्षक, कॅमेरे आणि बंदोबस्त तेथे नसतो, गादी आणि दोर असतीलच असे नाही, आणि सणाआधीच्या सरावातच मुलांचे बळी गेलेले आहेत. कोणते मूल कोणत्या थरावर जाईल हे तेथे प्रशिक्षक आणि मंडळाचे चार ज्येष्ठ ठरवतात. उपनंदाची जागा त्या मैदानात त्यांच्याकडे आहे.