जवळचं लांब

जोडून तीन दिवस सुट्टी आली की पुण्याचे मेहुणे सोलापूरला येतात : शेंगाचटणीसाठी आणि बहिणीसाठी. क्रम त्यांचा!

या वेळी भाच्यानं विचारलं, "आतोबा, डॉक्टर कोटणीसांच्या घरात स्मारक आहे ना? काय काय आहे हो तिथे?"

आली पंचाईत! जन्म इथे गेला. सिद्धेश्वराच्या तळ्याला, भुईकोट किल्ल्याला स्कूटरवरून रोज वळसा; पण स्मारकाची पायरी काही चढलो नाही. ताजमहाल मात्र दोनदा पाहिला.

जवळचं केव्हाही पाहता येतं, म्हणून ते कधीच पाहिलं जात नाही. हा आळस की अपराध? गावाचं एक बरं असतं, गाव रुसत नाही. पण हाच न्याय आपण माणसांनाही लावतो. पंढरपूर इथून दोन तासांवर. 'नेऊ केव्हाही' म्हणता म्हणता आईला न्यायचं राहूनच गेलं.

कोटणीसांनी १९३८ साली परक्या जखमींसाठी चीन गाठला, १९४२ साली तिथेच देह ठेवला. मला तर त्यांच्या घरापर्यंतच जायचं होतं.

"चल," मी भाच्याला म्हटलं, "आत्ताच!"

"ऊन उतरू दे की," ही म्हणाली.

नाही उतरू दिलं.