उसनी आग

आमच्या एका साहेबांनी निवृत्त होताना मला एक तसबीर दिली. विजयदुर्गच्या खाडीत शिडांची लढाऊ जहाजं नांगर टाकून उभी आहेत, वर धूर, खाली 'घेरिया, 1756'. (घेरिया म्हणजे आपलं गिर्ये. आंग्र्यांची जहाजं जिथे बांधली-डागडुजली जात, ती गोदी तिथलीच. इंग्रजाच्या जिभेवर कोकण नीट बसलं नाही, एवढंच.)

तुळाजी आंग्रे नानासाहेब पेशव्यांना जुमानत नव्हता, हे खरंच. म्हणून पेशव्यांनी इंग्रजांना मदतीला बोलावलं. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाईव्ह आले. त्यांचा एक गोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. मजा बघा, ते जहाज आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच पकडलेलं! जहाजं एकमेकांना लागून उभी, त्यामुळे आग या डोलकाठीवरून त्या डोलकाठीवर गेली आणि मराठ्यांचं एक जबरदस्त आरमार काही तासांत राख झालं.

मी बी.कॉम. असल्यामुळे माझं लक्ष हिशेबाकडे. लढाईआधीच इंग्रजांनी लुटीची वाटणी ठरवली होती. क्लाईव्हला हिस्सा कमी वाटला, तेव्हा वॉटसनने स्वतःच्या हिश्शातून भर घालायची तयारी दाखवली. किल्ल्यात दहा लाखांच्या आसपास लूट मिळाली, पेशव्यांच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. किल्लाही बाणकोट देऊन सोडवून घ्यावा लागला. आमच्या बँकेत असं व्हाउचर कुणी पास केलं असतं, तर ऑडिटने त्याला उभा सोलला असता.

पण पेशव्यांना नावं ठेवताना माझी जीभ अडखळते. देवगडच्या सामाईक बागेतल्या अकरा कलमांवरून चुलतभावाशी माझा दोन वर्षं अबोला आहे. चूक त्याची आहे, आजही म्हणतो. पण गेल्या महिन्यात मीही एका वॉटसनला गाठलं. काळा कोट घातलेल्या. त्याने आधी फी सांगितली, मग कलमं किती ते विचारलं. घरच्या माणसाला वठणीवर आणायला बाहेरचा माणूस कितपत आत घ्यावा? आणि घेतला, तर बाहेर कोण काढणार?

नोटीस तयार होऊन टेबलाच्या खणात पडली आहे. परवा रात्री भावाचाच फोन आला. "आंबे पिकाक लागले. कधी येतलंस?"

मी म्हटलं, "येतंय."

नोटीस अजून फाडलेली नाही. फी भरून झाली आहे ना!