दान आणि देणे

देवळाच्या अन्नछत्रात पंगत बसली म्हणजे वाढपी कोणास त्याचा हक्क विचारीत नाही. जेवणाराही तो सांगत नाही. सरकारी शाळेतील दुपारचे जेवण याहून निराळे आहे. तेथील मूल याचक नव्हे, धनको होय. 2002 च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या बालकांस शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने शाळेतील जेवणही सरकारचे देणे ठरविले. ऋणको सरकार असता धर्मादाय संस्थेने मध्ये कोणत्या नात्याने उभे राहावे?

निजामी अमलात आमच्या प्रांती हा प्रश्न नव्हता. सरकारी विद्येची भाषा उर्दू, म्हणून समाजाने आपल्या शाळा काढल्या. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय 1907 चे. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टद्देवरू बाहेर उर्दू पाटी लावून आत कन्नड शिकवीत, ही हकीकत बीदरकडे आजही सांगतात. 1948 नंतर सरकारी शाळाच आपली झाली.

डिसेंबर 2021 मध्ये बीदर, कलबुर्गी आदी जिल्ह्यांत मुलांचे कुपोषण पाहून सरकारने जेवणासोबत अंडे, न खाणाऱ्यास केळे, देण्यास आरंभ केला. काही मठाधीशांनी विरोध केला. पुढे 2024 साली अझीम प्रेमजी प्रतिष्ठानाने आठवड्यातील आणखी चार दिवसांचा भार तीन वर्षांसाठी उचलला. रक्कम दीड हजार कोटींच्या घरात. आमच्या पुष्कळ वाचकांच्या चुलीवर अंडे चढत नाही, आमच्याही नाही. परंतु दुसऱ्याच्या मुलाचे ताट आमच्या सोवळ्याने मापावे, हा अधिकार आम्हांस कोणी दिला? वर्गणीने तो मिळत नाही, आणि मठाच्या गादीनेही नाही.

दात्याच्या सोवळ्याहून त्याच्या सातत्याची आम्हांस अधिक भीती वाटते. समजा, औराद तालुक्यातील एखाद्या मराठी सरकारी शाळेत शिक्षकाची जागा रिकामी आहे. देवस्थानाने मानधनावर गुरुजी नेमले, तर मुलांचे वर्ष वाचते. पण वर्षे लोटतात, आणि ती जागा रिकामी आहे हेच कचेरी विसरते. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करणे राज्याचे कर्तव्य, असे घटनेचे 350-अ कलम सांगते. ते कर्तव्य आमच्या हुंडीतून परस्पर फिटू लागते. म्हणून मानधन द्यावेच, मुलास थांबता येत नाही. मात्र शाळेच्या समितीस, जीत तीन-चतुर्थांश पालक असतात, विचारून द्यावे, ठरावात मुदत लिहावी, आणि त्याच दिवशी जागा भरण्याचा अर्ज शिक्षणाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्यावी. विश्वस्तांनी ती पोच देणगीच्या पावतीशेजारी लावून ठेवावी.